झिंगेसरांचं स्वच्छ पाणी

आमचे झिंगेसर माणसांशी मराठीत नाहीतर हिंदीत बोलत. माळवी त्यांनी फक्त झिंग्यांसाठी राखून ठेवली होती. सकाळी देवासच्या प्रयोगशाळेत शिरले की काचेच्या टाकीवर वाकून विचारत, "कंई भिया, ठीक?" झिंगे मिशा हलवत. आम्हा विद्यार्थ्यांची एवढी विचारपूस कधी झाली नाही.

तेव्हा, ऐंशीच्या आसपास, शहरात कारखाने वाढत होते आणि नाल्यात जस्त, तांबं, क्रोमियम उतरत होतं. त्यानं झिंग्यांचं काय होतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. अंगात शिरलेलं विष निकामी करणारं एक एन्झाइम असतं. सर त्याला चौकीदार म्हणत. "थोडं विष आलं की हा धावपळ करतो, फार आलं की काठी टाकून आडवा होतो." एका टाकीत नाल्याचं पाणी, दुसरीत स्वच्छ. दोन्हींतला फरक दाखवला की मला पदवी. तोही उन्हाळ्याआधी, कारण धारला बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं.

फरक येईना. स्वच्छ पाण्यातले चौकीदारही धावतच होते. सरांनी आधी माझ्या हातावर संशय घेतला, मग रसायनांवर, शेवटी झिंग्यांवर. यंदाचे जरा घाबरट निघाले म्हणे.

नळाच्या पाण्यात औषध, म्हणून स्वच्छ पाणी सरांच्या घरच्या विहिरीचं. ते कॅन सायकलला अडकवून आणत. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेले. स्वयंपाकघरात चिंचेनं लखलखीत घासलेला तांब्याचा हंडा. काकूंनी कौतुकानं सांगितलं, झिंग्यांचं पाणी त्या आदल्या दिवशीच त्यात भरून ठेवतात, शुद्ध व्हावं म्हणून. सरांचा घास हातातच राहिला.

"आमच्या चार पिढ्या हेच पाणी पितात," काकू म्हणाल्या.

"आपण झिंगे नाही, म्हणून निभावलं," सर म्हणाले. पोहे मात्र संपवले.

सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. कधी कुणाकडे साधी रजाही न मागणारे सर दुसऱ्याच दिवशी बसनं धारला गेले आणि बाबांना म्हणाले, "चूक माझ्या घरची आहे. पोरीला आणखी एक वर्ष द्या." मग बाबांनी मुलाकडच्यांना निरोप धाडला: मुलीचे झिंगे आटोपेपर्यंत थांबावं.

सर पुढे पुण्याला मुलाकडे गेले, तिथेच वारले. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' त्यांच्या त्या एका बसप्रवासाचं आहे. थोडा वाटा बाबांच्या निरोपाचाही. त्या स्थळाकडचे कट्टर शाकाहारी होते. पुन्हा फिरकलेच नाहीत.