खंडेनवमीला जोडलेली गाडी

गाडी विटांवर उभी, पुढची चाकं काढलेली, आणि नट आवळायचे माझे सगळे पाने नानांच्या देवघरात झेंडूच्या फुलांखाली. नेमका तेव्हाच निरोप आला की नानांचा मुलगा आज संध्याकाळी धुळ्याच्या जेलमधून सुटतोय.

मी तेव्हा धुळ्याच्या एका गॅरेजात फिटर होतो. शिरपूरला आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या नानांच्या मोटारीची पुढची स्प्रिंग तुटली, म्हणून मालकांनी मला तिकडे धाडलं होतं. स्प्रिंग म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्यांचे दणके त्या खातात. नवी पट्टी घालून झाली होती, स्प्रिंग फक्त चढवायची होती. पण त्या दिवशी खंडेनवमी. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कोणी हलवत नाही. आणि पूजेला पाने मीच मोठ्या हौसेनं मांडून दिले होते.

नाना म्हणाले, लोहाराकडून पाना आण. तिकडे गेलो, तर त्याची हातोडीसुद्धा कुंकू लावून पाटावर. धुळ्याला उतारू नेणारी सर्व्हिस मोटारही केव्हाच निघून गेलेली. हात हलवत परतलो. नानांच्या पत्नी अक्का दारातच उभ्या होत्या. मुलगा जेलात गेल्यापासून त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं.

"भेटना का पाना?"

"नाही अक्का. सगळ्यांचे पूजेत आहेत."

त्या आत गेल्या आणि माझे पाने ओच्यात घेऊन आल्या. नाना काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "देवले काय सांगानं ते मी सांगसू. तू गाडी जोड, भाऊ."

मग माझ्या अंगात वारंच शिरलं. स्प्रिंग चढवली, शॅकल लावले. शॅकल म्हणजे स्प्रिंगचं टोक गाडीच्या सांगाड्याला धरणारी कडी. तिचे नट गाडी अधांतरी असताना पक्के आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीत वजन घालून आवळायचे. नाहीतर स्प्रिंग आखडते. चाकं लावून गाडी विटांवरून उतरवली आणि नानांना म्हटलं, माणसं बसवा. अर्धी गल्ली गाडीत चढली. मी खाली उताणा, वर सगळे एकदम बोलतायत. शेवटचा नट आवळून सगळ्यांना उतरायला सांगितलं. अक्का काही उतरल्या नाहीत.

नानांनी गाडी हाणली. मी मागे बसून प्रत्येक खड्ड्याला कान लावून होतो. कुरकुरसुद्धा नाही! इतका आनंद झाला की मी एकटाच हसत होतो.

दिवस मावळायच्या आत जेलच्या दारात पोचलो. थोड्या वेळानं मुलगा बाहेर आला आणि आम्हाला बघून थबकलाच. "माय, तू इतली लवकर कशी उनी?"

अक्का पुढे झाल्या. दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं. पान्यांचं ग्रीस आणि कुंकू, दोन्ही त्याच्या गालांना लागलं.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतो, पान्यांचा एक संच सोडून. लोकांना वाटतं, विसरलो.