उतारावरचे साडू

आमच्या साडूंना देवानं डोळे दिले ते बघायला नव्हे, पारखायला. असा पारखी माणूस कन्नड तालुक्यात दुसरा झाला नाही. आणि त्यांची ही पारख भर बाजारात मातीत गेली ती कशी, हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. लग्नाकार्यात पंगतीला तो विषय निघाला की मी मठ्ठा आणायला उठायचो. आता उठायला गुडघे तयार नसतात, म्हणून लिहायला बसलो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मीही दाजीच म्हणत आलो. ते मला 'साडू' म्हणायचे आणि रागावले की 'साहेब'. कारण मी जिल्हा परिषदेत कारकून आणि ते पिशोरचे बागायतदार. पिशोरच्या बाजारात कुणी बैल घ्यायला निघाला की आधी दाजींकडे यायचा. बाकीचे लोक शिंगं बघायचे, दात मोजायचे, शेपटी पिरगाळायचे. दाजी बैलाच्या मागं उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला म्हणायचे, "चालवा." खुरांचा आवाज ऐकून ते 'घ्या' किंवा 'नगं' एवढंच सांगायचे. भाव ठरायचा तो उपरण्याखाली. तिथली रीतच तशी. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण दाजींची पारख बैलांवर थांबली नाही. आमचा फ्रीज त्यांनी निवडला. दुकानात फ्रीजचं दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि सेल्समनला सांगितलं, "आता लाव दार." मानेवर दार लावून घेऊन ते बराच वेळ तसेच उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "थंडी बारीक हाय, पण चिवट हाय. घ्या." पुंडलिकनगरचा आमचा प्लॉट घेताना ते भर दुपारी त्या मोकळ्या जागेवर टॉवेल अंथरून झोपले. उठल्यावर म्हणाले, "लई गाढ लागली. घर इथंच बांध." माझ्या मुलीला बघायला मुलगा आला, इंजिनिअर, टाय लावून. दाजींनी त्याला फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं. आमची मुलगी स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसली. जावई हिऱ्यासारखा निघाला. फक्त कूलरच्या बाबतीत दाजी चुकले. तो त्यांनी बुक्की मारून पसंत केला होता, आणि पहिल्याच दिवशी त्यानं समोर बसलेल्या माझ्या सासूबाईंना आंघोळ घातली. दाजी शांतपणे म्हणाले, "कूलर चांगलाच हाय. आत्या चुकीच्या जागी बसल्यात."

सायकल त्यांच्या आयुष्यात आली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जाड टायरांची डोंगरी सायकल वरच्या शेतातल्या खोपीत टाकून गेला. एके सकाळी जीप बंद पडली, म्हणून दाजी वरच्या शेतातून ती सायकल घेऊन खाली निघाले. ब्रेक असतात हे त्यांना ठाऊक होतं, पण कुठं असतात हे विचारायचं राहिलं होतं. अंगणाच्या बांधावरून ते उडाले, शेणी थापत असलेल्या आक्कांच्या बाजूनं गेले आणि गोठ्यात गव्हाणीला टेकून थांबले. आक्का किंचाळल्या. दाजी गव्हाणीतून उठले ते उजळलेल्या तोंडानं, आणि म्हणाले, "अगं, आजवर नुसता चढच चढलो की गं मी!"

त्या दिवसापासून माणूस उताराचा झाला. चढावर त्यांनी कधी पेडल मारलं नाही. सायकल टेम्पोत टाकायची, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून वर जायचं आणि वरून सुटायचं. "चढाला बैल हायेत, टेम्पो हाय. माणसानं उतरावं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. शनिवारी ते आमच्याकडे मुक्कामाला यायचे आणि रविवारी शहराबाहेरच्या सातारा डोंगरावर शहरातल्या पोरांबरोबर उतरायचे. पोरांच्या अंगावर चिलखतासारखे कपडे. दाजींच्या अंगात पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट आणि गुडघ्यांना पेंडीच्या पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले. पोरं त्यांना आधी 'आजोबा' म्हणायची, मग 'काका' म्हणायला लागली, आणि शेवटी नुसतं 'उस्ताद'.

अडचण एकच होती. चाकं टिकत नव्हती. पुरुषभर उंचीच्या खडकावरून दाजी सायकलीसकट खाली आले की रिमला पोचा पडायचा, नाहीतर अख्ख्या चाकाचा पापड व्हायचा. मग मोडकं चाक गळ्यात अडकवून दाजी आमच्या फाटकात हजर. "साडू, गाडी काढ. औरंगपुऱ्यात जायाचंय."

औरंगपुऱ्यात हमीदभाईंचं सायकलचं दुकान होतं. हमीदभाईंनी पहिल्यांदा कार्बनची रिम काढली, मखमलीत गुंडाळलेली. "देखो दाजी, एकदम फॉरेन. एक उंगली पे उठा लेव."

"उचलतीय ते दिसतंय. पडल्यावर काय व्हतं ते सांगा."

"जोर से पडे तो तडकती."

"मंग ठोकून सरळ व्हती?"

"वो नक्को पूछो."

"मंग ठिवा माघारी. पडल्यावर जे सरळ करता येत नाय, ते आपल्या घरात नगं."

त्यानंतर दोन तास दाजींनी दुकानातली एकेक रिम खाली उतरवली. बोटावर टांगून चमच्यानं वाजवली. जोडावरून नख फिरवलं, अडकलं की रिम बाद. जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर ते मांडी घालून बसले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. एक रिम सपाट आहे का बघायला काउंटरच्या काचेवर दाबली, तर काच गेली. "रिम सरळ हाय, काच वाकडी व्हती," दाजी म्हणाले. हमीदभाईंनी कपाळाला हात लावला.

उताराच्या सायकलीची रिम कशी हवी, हे त्या दिवशी मला तोंडपाठ झालं. भिंत दुहेरी हवी, म्हणजे मधे पोकळी ठेवून धातूचे दोन थर. रुंदी अशी की जाड टायर मांड ठोकून बसला पाहिजे. स्पोकची भोकं भरपूर, म्हणजे दणका वाटला जातो. जोड वितळवून एकजीव केलेला. धातू असा की पोचा पडावा, पण चीर जाऊ नये. वजनाला भिऊ नये, कारण उतारावर वजन आपल्याच बाजूनं असतं. आणि सगळ्यांत मोठी अट भावाची. "रिम म्हंजी चप्पल रं साडू. आज ना उद्या मोडणारच. पुन्यांदा घेताना बायकोला सांगावं लागंल इतकी म्हाग नसावी."

रिम ठरली. काळी, बिनचकाकीची, दिसायला अगदीच सामान्य. भाव करायला दाजींनी उपरणं काढलं, हमीदभाईंचा हात त्याखाली ओढला आणि बोटं दाबली. हमीदभाई गुदगुल्यांनी उडालेच. "अरे क्या करते दाजी! दुकान में लेडीज खडे हैं!"

असे दिवस हसण्यात चालले होते. पण पिशोरच्या बैलबाजारात कुजबुज सुरू झाली. म्हातारा पोरांत रमला, हेल्मेट घालून उड्या मारतो, आता याच्या शब्दावर बैल कसा घ्यायचा? एका बाजारी कुणीतरी तोंडावरच म्हणालं, "दाजी, तुमचा डोळा आता सायकलीतच गेला." दाजींना ते लागलं. उभ्या बाजाराला त्यांनी शब्द दिला, "येत्या बाजारी डोंगरावरनं सुटून हितं उतरतो. चाक मी निवडलंय. टिकलं तर माझा डोळा शाबूत. मोडलं तर पुन्यांदा बैलाला हात लावणार नाय."

नव्या रिमा बसवून चाकं पिशोरला आणायचं काम माझ्याकडे आलं.

आता लिहायला जड जातं ते इथून पुढं. माझ्या घरात फ्रीज दाजींचा, प्लॉट दाजींचा, जावई दाजींचा. मी निवडलेली एकच वस्तू होती, छत्री, आणि ती वारा नसतानाही उलटी व्हायची. हमीदभाईंच्या दुकानात दाजींच्या रिमांशेजारी आणखी एक काळी जोडी टांगलेली होती. तशीच दिसणारी, भाव तोच, पण हातात घेतली तर पिसासारखी. मी आयुष्यभर फायली उचललेला माणूस. मला वाटलं, हलकं तेच भारी. मनात एक देखावा उभा राहिला: दाजी बाजारात उतरलेत, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि मी पुढं होऊन म्हणतोय, दाजी, रिम माझी होती बरं का. आणि दाजी म्हणताहेत, वा रं साडू! एवढंच मला हवं होतं.

हमीदभाई म्हणाले, "साब, ये सडक का माल है. दाजी कूदेंगे तो बैठ जाएगा."

"दाजींनीच सांगितलंय," मी म्हणालो. जन्मात इतकं सहज खोटं मी कधी बोललो नव्हतो.

पिशोरला चाकं दिली तेव्हा दाजींनी एक उचललं. मला वाटलं आता वाजवणार, नख फिरवणार, वर बसणार. त्यांनी फक्त हातात तोलून बघितलं. "हलकं लागतंय रं साडू."

"स्पोक नवे आहेत," मी म्हणालो.

"व्हय का? मंग बरोबर." आणि त्यांनी चाक सायकलीला बसवायला घेतलं. आक्का म्हणाल्या, "अहो, तपासा की नीट. मेथीची जुडी असली तरी उलटीपालटी करता." दाजींनी मान वर केली नाही. "साडूनं आणलंय. घरच्या माणसानं आणलेलं तपासत नसतात."

बाजाराचा दिवस. डोंगरावर पांढरा ठिपका दिसला आणि बाजार उठून उभा राहिला. दाजी सुटले. सदरा फुगला, पोत्याचे तुकडे फडफडले, शेळ्या आडव्या गेल्या आणि माघारी आल्या, भजीवाल्यानं झारा हवेतच धरला. पहिला खडक त्यांनी उडून पार केला तेव्हा बैलबाजारातून आरोळी उठली. दुसऱ्यावर माझ्याही तोंडून शिट्टी निघाली, शाळा सुटल्यापासूनची पहिली. तिसरा खडक बाजाराच्या अगदी डोक्यावर होता. दाजी हवेत गेले, सुंदर गेले, आणि खाली टेकताच पुढच्या चाकाची घडी झाली, रुमालाची व्हावी तशी. सायकल तिथंच राहिली. दाजी एकटेच पुढं आले आणि मक्याच्या कणसांच्या ढिगात डोक्यानं शिरले.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ते ढिगातून निघाले तेव्हा मिशीत मक्याचे केस अडकले होते आणि बाजार पोट धरून हसत होता. दाजींनी चांगल्या हातानं घडी झालेलं चाक उचललं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "निवड माझी व्हती. चुकली. शब्द दिलाय, पाळतो."

मी दोन पावलांवर पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. मी बाटलीचं झाकण उघडलं. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दाजींनी बैलाला हात लावला नाही. लोक यायचे, मनधरणी करायचे. दाजी चहा पाजून त्यांना परत पाठवायचे. "माझ्या डोळ्याचं आता काय खरं नाय." बाजाराच्या दिवशी ते घराच्या मागच्या बाजूला खाट टाकून बसायचे, तिथून बैल दिसत नाहीत म्हणून. घुंगरं मात्र ऐकू यायची. मग आक्का रेडिओ मोठा करायच्या.

मला राहवेना. हमीदभाईंकडून मी दाजींची ती खरी जोडी घेतली आणि पिशोरची एसटी धरली. रस्ताभर कबुलीचं वाक्य जुळवलं. घरी पोचून रिम त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नख फिरवलं. चमचा मागवून वाजवली. खाली आडवी ठेवून वर बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा बदलत गेला. "अशीच पायजे व्हती रं. कुणी निवडली?"

मी म्हणालो, "दाजी..." आणि तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या.

"अगं, बघ! साडूला पारख आली! माझी गेली ती घरातच ऱ्हायली, म्हंजी झालं!" त्यांनी मला मिठी मारली. दुखऱ्या खांद्यानं. मी बशीत चहा ओतला आणि प्यालो.

त्यांनी ते गावभर केलं. पुढच्या महिन्यात पिशोरहून दोघं बैल दाखवायला मला न्यायला आले. मी खरंच गेलो. बैलाच्या मागं उभा राहिलो, डोळे मिटले. मला काय ऐकू येणार? मी 'घ्या' म्हणालो. बैल चांगला निघाला, हे माझं आणखी एक दुर्दैव. ते ऐकून दाजी खाटेवर टाळ्या वाजवत होते म्हणे.

त्याच वर्षीच्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले. अलीकडे पिशोरला जाऊन मी बाजारात हे सांगितलंही. म्हातारे म्हणाले, "साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे. मेलेल्याची लाज राखताय." कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणून हे इथं लिहून ठेवलं, आणि एसटीत जुळवलेलं ते वाक्यही आता लिहूनच टाकतो:

दाजी, चाक हलकं लागतंय म्हणालात ते खरं होतं. ती रिम मी बदलली होती. तुमचा डोळा कधीच चुकला नाही. मला माफ करा, आणि उठा, आज बाजार आहे, बैलाला हात लावा.