स्मरणात नाही

चूक माझी होती, आणि ती आधी निव्वळ आळसाची होती. खाडीकाठच्या कोळणींच्या बचत गटाला मी अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं, पण त्यावर जावक क्रमांक घातला नाही. जावक नोंदवहीचा कारकून रजेवर होता. गटाची अध्यक्ष, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई, टेबलासमोर उभी होती. तिनं विचारलंही, "सायेब, नंबर नको का?" मी सही करून शिक्का मारला आणि म्हणालो, "मावशी, सही आहे ना माझी? मग झालं."

तीन वर्षं या बायका स्वतःच्या होड्या घालून खाडीतलं प्लास्टिक आणि निर्माल्य काढत होत्या. पुढे आमच्या कार्यालयानं त्या कामाची निविदा काढली. अनुभवाची अट होती आणि त्यांच्याकडे पुरावा म्हणून तेवढाच कागद. तांत्रिक छाननीत तो बाद झाला. जावक क्रमांक नाही, सबब विश्वासार्ह नाही. त्यांचा दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही. काम एका बाहेरच्या ठेकेदाराला मिळालं. ते त्यालाच मिळायचं आहे, हे आमच्या शिपायालाही माहीत होतं. छाननीच्या टिपणीवर माझीही सही आहे.

बायका हायकोर्टात गेल्या. याचिकेत स्पष्ट लिहिलं होतं की प्रमाणपत्रावर याच अधिकाऱ्याची सही आहे, त्यालाच विचारा. माझ्या वरिष्ठांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर प्रमाणपत्र दिल्याचे माझ्या स्मरणात नाही.'

"साहेब, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"अरे, 'दिलं नाही' असं कुठे लिहिलंय? आठवत नाही म्हणायला काय जातं? मला लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, म्हणून बायकोनं खटला भरला का माझ्यावर?"

मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला माझी किळस येते. हसत हसतच मी सही केली.

सुनावणी अर्धा तासही चालली नाही. न्यायालय म्हणालं, निर्णय कसा घेतला ते आम्ही तपासू, पण समितीच्या जागी बसून कागदांची पारख करणार नाही. प्रमाणपत्र खरं की खोटं हा वादाचा मुद्दा आहे, आणि तो रिट याचिकेत सोडवता येत नाही. याचिका फेटाळली. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाद मुळात नव्हताच. तो मी एका वाक्यानं तयार केला होता. बाहेर वरिष्ठांनी पाठीवर थाप मारली. "वाचवलंस रे!" कँटीनमध्ये त्यांनी सगळ्यांसाठी बटाटेवडे मागवले. मीही दोन खाल्ले. लोकलनं कोपर स्टेशनला उतरून घरी पोचेपर्यंत तोंडातली तेलाची चव गेली नव्हती.

दोन महिन्यांनी ठेकेदाराचं काम पाहायला मी खाडीवर गेलो. भर ओहोटी होती. ठेकेदाराची माणसं ऑफिसच्या वेळेप्रमाणे अकराला आलेली. होडी चिखलात रुतली होती आणि एक कामगार मांडीपर्यंत आत गेला होता. काठावरून तीच अध्यक्ष बाई त्याच्याकडे फळी सरकवत ओरडत होती, "हलू नको रं! फलीवर झोप, झोप!"

त्याला बाहेर ओढल्यावर तिला मी दिसलो. "सायेब, ह्ये बगितलाव ना? ह्ये तरी ध्यानात ठेवा."

मागच्या बायका खो खो हसल्या. माझ्या हातात 'काम समाधानकारक' असा छापील अहवाल होता. मी तो भरला नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या वकिलांकडे गेलो आणि खरं काय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. फेरविचाराचा अर्ज टिकेल की नाही, हे त्यांना सांगता येईना. माझ्या नोकरीचं काय होईल, ते मात्र त्यांनी लगेच सांगितलं. तिथून रिक्षानं बाळकुमच्या पुढे, कोळीवाड्यात गेलो. बायका अंगणात मासळी निवडत होत्या. अध्यक्ष बाईनं मला बसा म्हटलं नाही.

"आता कशाला आलाव?"

मी उभ्यानंच बोललो. "मावशी, प्रमाणपत्र मीच दिलं होतं. तुम्ही नंबर विचारला होता, तेही मला आठवत होतं. कोर्टात मी खोटं लिहिलं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."