दगडांची आंघोळ

बाळांनो, तुमच्या गावी सांडपाणी कुठे जाते हे तुम्हाला कधी पाहावे लागले नसेल. सोलापुरात आमच्या लहानपणी ते डोळ्यांसमोरून जाई. मिलच्या चाळींचे पाणी उघड्या गटारातून ओढ्याला मिळे आणि ओढा काळा होऊन पुढे धनगरांच्या वस्तीकडे वाही.

माझे वडील, आमचे अण्णा, त्या मिलमध्ये ओव्हरशियर होते. मॅनेजरांच्या मागे लागून त्यांनी चाळींच्या उताराला एक व्यवस्था उभी केली. आधी झाकलेला हौद, त्यात गाळ खाली बसे. मग छातीइतक्या उंचीची दगडांची रास, तिच्यावर पाणी थेंबथेंब पडे. शेवटी उथळ तळे, आणि तिथून पाणी गुरांच्या घासाच्या वाफ्यांत. नुसत्या हौदाने वास जात नाही आणि नुसते दगड गाळाने तुंबतात, म्हणून एकाने दुसऱ्याचे काम हलके करायचे, असे अण्णा सांगत. खरे काम दगडांवरच्या बुळबुळीत, तपकिरी थराचे होते. तो थर जिवंत असतो, घाण खातो. तो धरायला सारा उन्हाळा गेला.

अण्णा रोज सकाळी तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेत, मागे इंग्रजी वर्तमानपत्र धरत आणि मला वाचायला लावत. आधी मथळे दिसू लागले, मग बारीक अक्षरेही. ओढा निवळला. वस्तीवरची एक धनगरीण आमच्याकडे लोणी घेऊन येई. ती म्हणाली, "औंदा मेंढरं हितंच पानी पित्यात, अण्णासाहेब. आता कुटं जायाचं न्हाय."

मॅनेजरांनी मात्र बजावले होते की दसऱ्यानंतर पाहणी होईल, आणि पाणी स्वच्छ नसेल तर हे सगळे बंद करून गटार पुन्हा सरळ ओढ्यात सोडले जाईल.

नवरात्रात आम्ही आजोळी करमाळ्याला होतो. अण्णा आम्हाला आणायला आले आणि दसरा करूनच आम्ही परतलो. मला घेऊन ते तसेच दगडांकडे गेले. दगड पांढरेशुभ्र होते. त्यांवर कुंकवाची बोटे, झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ.

दगडांची देखभाल अण्णांनी ज्याच्यावर सोपवली होती तो मुकादम हसत पुढे आला. "खंडेनवमी झाली की, सायेब. समद्या मिलनं माग धुतले, पुजले. आपले दगड काय सावत्र हायत? समदे उपसले, ब्लीचिंगच्या पान्यात घासले. लई मेणचट झालं व्हतं."

"त्यांना जपा म्हणून सांगितलं होतं मी," अण्णा हळूच म्हणाले.

"व्हय की. दगडांत जीव हाय, तुमीच म्हनला. जीव हाय त्याला सणाची आंगूळ नगं?"

मुकादमाने पुढे केलेला खोबऱ्याचा तुकडा अण्णांनी घेतला आणि खाल्ला. रागवायला जागाच नव्हती.

पाहणीच्या दिवशी मॅनेजरांनी आधी दगड पाहिले, मग तळे. "दगड आरशासारखे आहेत आणि पाणी डांबरासारखं. आता काय सबब सांगणार, ओव्हरशियर?"

अण्णांनी थर पुन्हा धरेपर्यंत मुदत मागितली. थंडी तोंडावर होती, थंडीत तो सावकाश वाढतो, हेही प्रामाणिकपणे सांगून बसले. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे पुन्हा उन्हाळा. नको."

गटार फोडून ओढ्याला जोडले. घास वाळला. दिवाळीनंतर धनगरीण शेवटचे लोणी घेऊन आली. तिची काही मेंढरे पोट फुगून मेली होती. "मंद्रूपाकडं जातो आमी," ती म्हणाली, "तितं तरी काय हाय म्हना." आईने तिला चहा दिला. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

पेल्याने पाणी पाहणे त्यांनी सोडले. दगड मिलच्या रस्त्याला खडी म्हणून फोडून पसरले. शाळेला जाताना मला त्यांच्यावरूनच जावे लागे, आणि डाव्या हाताला ओढा असे, काळा.