वाएलुआंच्या टेबलापुढची पायरी

सामोआ बेटांवरच्या आपिया शहरातल्या एका छोट्या विमा कचेरीत लेइतूची बावीस वर्षं गेली. आवाज असा खणखणीत, की रविवारी चर्चमध्ये तिचा सूर लागला की पाद्रीबुवासुद्धा पुस्तकातून मान वर काढत. भीडभाड तिला ठाऊक नव्हती. अपवाद एकच, मॅनेजर वाएलुआ. ते मताई, म्हणजे कुळाचे प्रमुख, आणि बसायचे दारालगत. त्यांच्यासमोरून जायचं तर कंबरेत वाकून, "तुलोऊ" म्हणून माफी मागतच जायचं. ताठ गेला तो बेशरम.

गोम अशी, की त्यांच्या टेबलापुढेच खाली उतरायची एक पायरी होती. छातीशी फायली धरून वाकलं की आपलेच पाय दिसायचे नाहीत. वर्षभरात तिघं पडली. अपघाताच्या वहीत साहेब स्वतः कारण लिहायचे: निष्काळजीपणा.

त्या सोमवारी कचेरीतली तरुण कारकून सोसेफीना पडली; ती त्या तिघांतलीच, म्हणजे दुसऱ्यांदा. मनगट मोडलं. वहीत पुन्हा तेच लिहिलं गेलं. दोनदा निष्काळजी ठरलेल्याला घरी बसवायचा नियम होता, आणि पोरीच्या घरात कमावती तीच. लेइतूचं डोकं फिरलं. वही काखेत मारून ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, या नोंदीवर सही करण्याआधी एक करा. मी तुमच्या खुर्चीत बसते. तुम्ही या फायली घेऊन माझ्यासमोरून जा."

"वेड लागलं का तुला, बाई?"

"लागलं असेल. चार पावलांचं काम आहे. की फायली जड आहेत?"

वाएलुआंनी फायली उचलल्या. माणूस खानदानी, बसलेल्या कारकून बाईसमोरूनसुद्धा ताठ जाणं त्यांना जमेना. ते वाकले, "तुलोऊ" पुटपुटले, आणि पायरीवरून पाय सुटला. लेइतूने झडप घालून दंड धरला म्हणून नाक वाचलं. फायली मात्र फरशीभर पसरल्या. हसायची छाती कुणाची नव्हती.

लेइतूने पेन उघडलं. "पडणारे, वाएलुआ साहेब. कारण काय लिहू? निष्काळजीपणा?"

म्हाताऱ्याने एकदा पायरीकडे, एकदा आपल्या टेबलाकडे पाहिलं. मग वही ओढून घेऊन त्यांनी वर्षभरातली चारही कारणं एकेक करून खोडली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: टेबल चुकीच्या जागी. सही ठोकली, बाह्या सारल्या आणि टेबलाचं एक टोक धरलं.

"बघत काय राहिलीस? दुसरं टोक धर."