पाण्यानं साफ निघालेली नळी

नव्वदच्या दशकात धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. पाण्याच्या टाकीला आतून जो बुळबुळीत थर धरतो, तो जिवाणूंचा. एकमेकांना धरून ते भिंतीला चिकटून बसतात. चिकटायची बुद्धी त्यांच्या जनुकात असते. ते जनुक बिघडलेला एक तरी जिवाणू मला शोधायचा होता, नाहीतर प्रबंध कसला नि पदवी कसली!

जनुकं बिघडावीत म्हणून अतिनील किरणांखाली धरलेले चाळीस जिवाणू मी चाळीस नळ्यांत वेगवेगळे वाढवले. दुसऱ्या दिवशी नळ्यांत जांभळा रंग घालायचा, की चिकटलेल्या थराचं कडं उमटतं. ज्या नळीत कडं नाही, तिच्यातला जिवाणू आपला.

सकाळी येऊन बघते तो चाळीसही नळ्या लखलखीत! परवा बाहेरचे परीक्षक येणार म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई नानांनी सगळ्या उकडून, घासून ठेवल्या होत्या. पाहुणा येणार म्हटल्यावर खानदेशात घर धुतात, तसं.

"नाना, वाटोळं केलंत माझं!" मी किंचाळलेच. प्रत्येक जिवाणूचा नमुना फ्रिजमध्ये क्रमवार होता, पण पुन्हा वाढवायला सामान उरलं होतं चार नळ्यांपुरतं.

नाना उलट माझ्यावरच तापले. "बठ्ठ्या चिकट व्हत्यात! घासी घासी हात दुखनात मना. ही एकच नुसता पाणीवर साफ व्हयनी."

बाकी सगळ्या घासाव्या लागल्या, ही एकच नाही! त्यांचं बोट सतराव्या नळीवर होतं. नळ्या जागच्या जागी ठेवायची त्यांची शिस्त. मी सतरा नंबर आणि मूळचा जिवाणू शेजारी शेजारी वाढवले. मूळच्यात गडद कडं, सतरामध्ये काही म्हणजे काही नाही. मी नाचले अक्षरशः!

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं विचारलं, "चाळीस नळ्यांची नोंद कुठंय?" माझ्या मार्गदर्शक सरांनी मला डोळ्यांनी गप्प बसायला खुणावलं. पण खोटं सांगवेना. सगळं सांगून टाकलं. परीक्षकांनी नानांना बोलावलं.

"ती नळी आधीच धुतलेली नव्हती कशावरून?"

"साहेब, इतलं आयुष्य गयं नळ्या धुवामा. चिकट काय ते माले समजत नई का?"

परीक्षक खो खो हसले. "हे जसंच्या तसं प्रबंधात लिहा," म्हणाले आणि सही केली.

बाहेर येऊन मी नानांच्या पाया पडले. "त्या दिवशी ओरडले, चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "पास व्हयनी ना?"