न चाललेली गाणी आणि आमची म्हैस

एका इंग्रजी बँडची बारा गाणी तोंडपाठ असलेली बाई आमच्या वाडीत मी एकटीच. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मला कळत नाही आणि या वयात कळून घ्यायचाही नाही. भलताच निघाला तर?

हे शिक्षण मला म्हशीपायी झालं. नव्वदनंतरची गोष्ट. मी चाळिशीची होते आणि काळजी करणं हाच माझा मुख्य धंदा होता. काळजीला कारण सापडलं नाही, की 'आज सगळं बरं कसं काय?' याची काळजी लागायची.

थोरला मुलगा मुंबईत गोदामात कामाला. पाय मोडला म्हणून दोन महिने घरी येऊन पडला. सोबत एक टेप आणि एकच कॅसेट.

"बँड लय गाजलेला हाय, आई," तो सांगायचा. "पण ही त्यांची फार न चाललेली गाणी. मागून एकत्र करून काढलीत."

नापास पोरांची वेगळी तुकडी बसवतात तसं काहीतरी असावं, असं मला वाटलं. "बंद कर रे ते! रेडा खड्ड्यात पडल्यागत वरडतोय," असं मी दिवसातून दहादा म्हणायचे.

त्याच दिवसांत म्हैस व्याली आणि पाचव्या दिवशी रेडकू गेलं. ते डोळ्यांपुढे नाही म्हटल्यावर ती पान्हा सोडेना. एका सकाळी मुलगा गोठ्याच्या दारात पाय पसरून टेप ऐकत बसलेला, मी पेंड घालून सड ओढले, तर चरवीत धार वाजली. संध्याकाळी टेप नव्हता, थेंब नाही. टेप आणला, धार. मग दोन्ही वेळेला तीच कॅसेट, दोन्ही बाजू.

पाय बरा झाला तसा मुलगा मुंबईला गेला. टेप मला ठेवला, कॅसेट खिशात घालून नेली. का ठेवेल? मीच तिला रोज शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवसापासून म्हशीने पान्हा चोरला. रेडिओवरचं भजन लावलं, तिने चरवी उडवली. डॉक्टरांनी सुई टोचली, त्या वेळेपुरती पान्हवली. रोज टोचायची नाही, म्हणाले. कास तटतटून आलेली. हात लावला की ती अंग चोरायची. माझ्या हातावर वाढलेली म्हैस ती.

गुरुवारी हे म्हणाले, "सोमवारी महाडचा व्यापारी बोलावलाय. दूध देत नाय ती म्हैस पोसायची कशाला?"

दूध न देणारी म्हैस व्यापाऱ्याकडून पुढे कुठे जाते, ते मला ठाऊक होतं. मी जेवण टाकलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणून परत जेवले.

शुक्रवारी पोलादपूरला उतरून मुलाला फोन लावला. "अरे, ती तुझी कॅसेट पाठव. म्हशीला पायजे."

पलीकडून तो म्हणाला, "आई, तुझी तब्येत बरी हाय ना?"

रविवारी एसटीच्या ड्रायव्हरकडून पुडकं आलं. दुपारी दोनपासून मी वाडीच्या फाट्यावर. गाडी आली पाचला. तीन तासांत मी ती गाडी चार वेळा मनातल्या मनात दरीत घातली होती. धावत घरी आले, कॅसेट लावली, आणि पहिल्याच सुरात कळलं. ही ती नव्हती. चिठ्ठी होती: 'आई, जुनी घासली होती. त्यांची सगळ्यात गाजलेली गाणी पाठवतोय, नवीकोरी कॅसेट आहे.'

साऱ्या जगाला आवडलेली गाणी! म्हशीने दोन गाणी ऐकून घेतली आणि शेण टाकलं.

सोमवारी पहाटे मी गोठ्यात गेले. व्यापारी आठाला येणार. टेपकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, आणि डोळे मिटून मीच सुरू केलं. पहिलं गाणं, मग दुसरं. ढोल वाजायचे तिथे चरवी बडवली. माणूस किंचाळायचा तिथे किंचाळले. लाज वाटायला सवड नव्हती.

सासूबाई कंदील घेऊन दारात. "अगो बाय, हिच्या अंगात कोण आलंय गो?"

"काय नाय, आत्याबाई. तुम्ही निजा."

तिसऱ्या गाण्याला म्हशीने कान मागे टाकले, लांब श्वास सोडला. सड ओले झाले. मी गात होते, रडत होते आणि पिळत होते. यातलं एकही थांबवायची छाती नव्हती.

व्यापारी आठाला आला. मी त्याला चहा दिला, घट्ट दुधाचा. त्याने बशीत ओतून भुरका मारला. "चहा फक्कड झालाय, वयनी. म्हैस कुठंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भरलेल्या चरवीकडे. "म्हैस विकायची नाय," म्हणाले. "चहालाच बोलावलं होतं."

पुढे चार वेतं मी तिला गाऊन पिळली. त्या नव्या कॅसेटची फीत काढून भाताच्या खाचराभोवती बांधली. वाऱ्यावर चमकायची, फरफरायची. त्या गाजलेल्या गाण्यांना पाखरं मात्र चांगलीच भ्यायची.